कच्छच्या रणात प्रकल्पावर काम करण्यासाठी बूट कसे निवडावेत?

राजारामपुरी_सिव्हिल (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून बांधकाम सुपरवायझर म्हणून काम करतो. भुजच्या उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या खावड्याच्या पलीकडे, रणात उभ्या राहत असलेल्या सौरऊर्जा प्रकल्पावर माझी एप्रिलपासून नेमणूक झाली आहे. दिवसभर पायी फिरून पायाभरणीची तपासणी करणे हे मुख्य काम असेल. काही लागले तर भुज गाठावे लागणार असल्यामुळे इथून नेलेली वस्तू टिकली पाहिजे.

कंत्राटदाराकडून सेफ्टी शूजचा एक जोड मिळतो. परंतु तिथे काम करणारे सहकारी सांगतात की दुपारनंतर त्यात पाय भाजतात आणि संध्याकाळी बूट काढणेही कठीण होते. म्हणून स्वतःच्या पैशाने चांगले बूट घ्यायचे ठरवले आहे. जाड चामड्याचे घ्यावेत की जाळीचे हलके? घोट्याच्या वर जाणारे हवेत का? वॉटरप्रूफ असावेत का? पाच हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

शिरोली_फाउंड्री

मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत सुरक्षा विभाग पाहतो, त्यामुळे गरम जमिनीवरच्या बुटांशी माझा रोजचा संबंध आहे. बहुतेक जण बूट वरून पाहून घेतात, पण आपल्या कामात खरी परीक्षा सोलची असते. हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास असताना उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर सहज जातो, आणि ती उष्णता तासन्तास खालून येत राहते. फाउंड्रीसाठी आम्ही नायट्राइल रबरचे सोल घेतो. त्यावर ‘एचआरओ’ अशी खूण असते. म्हणजे ते ३०० अंशांच्या पृष्ठभागावर एक मिनिट टिकल्याची चाचणी झालेली असते. रणात इतके तापमान नसते, त्यामुळे सोल वितळण्याची भीती नाही. तिथे सोल पायापर्यंत उष्णता किती पोहोचवते आणि वरच्या भागाशी कसे जोडलेले आहे, या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. म्हणून बाहेर रबर आणि मध्ये पीयूचा (पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लास्टिकचा) जाड थर असे दुहेरी सोल घ्यावे. मधल्या थरातील हवेचे बुडबुडे उष्णता अडवतात आणि रबर झीज सोसते. केवळ चिकटवलेले सोल टाळावे, कारण सततच्या उन्हात डिंक सैल पडतो आणि चवड्याजवळ सोल उघडते. थेट साच्यात ओतलेले किंवा शिवलेले सोल अधिक भरवशाचे.

दुसरे म्हणजे उत्पादनाचा महिना पाहून घ्या. तो सोलवर गोल घड्याळासारख्या खुणेत किंवा आतल्या पट्टीवर छापलेला असतो. पीयू दमट हवेत न वापरताही हळूहळू विघटित होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात दुकानात पडून राहिलेला, चार-पाच वर्षांपूर्वीचा जोड दिसायला नवा कोरा असतो आणि वापरायला काढल्यावर काही दिवसांत त्याच्या सोलचा भुगा होतो. सवलतीत मिळणाऱ्या जोडांबाबत हे विशेष तपासावे.

आयएसआय खूण आणि आयएस १५२९८ हा सुरक्षा बुटांच्या भारतीय मानकाचा क्रमांकही पाहा. त्याच्या भाग २ मधील बुटांची टो-कॅप (बोटांवरचे कडक कवच) २०० ज्यूलचा आघात सोसते आणि बांधकामावर तेच हवेत. भाग ४ मध्ये टो-कॅप नसते. स्टीलऐवजी कंपोझिट (बिगरधातूची) टो-कॅप घेतल्यास वजन कमी होते आणि उष्णताही कमी पोहोचते. खिळ्यांपासून संरक्षणासाठी तळाशी पोलादी पत्र्याऐवजी अरॅमिड या मजबूत कृत्रिम धाग्यांचा विणलेला थर घ्यावा, म्हणजे बूट चालताना वाकतो.

बन्नी_ते_बिंदू_चौक

वरील बहुतेक मुद्दे मला पटतात. पण शेवटच्या मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. मी कच्छमध्ये पवनचक्क्यांच्या कामावर होतो. तिथे बन्नीच्या गवताळ पट्ट्यात आणि रस्त्यांच्या कडेने विलायती बाभळीचे रान माजले आहे. स्थानिक लोक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. तिचा वाळलेला काटा बारीक आणि लांब असतो, तो गाडीच्या टायरमध्येही शिरतो. अरॅमिडचा थर जाड खिळा अडवतो. परंतु सुईसारखे टोक त्याच्या विणीतून वाट काढू शकते. तुमचे काम पूर्णपणे खारट सपाटीवर असेल तर तिथे झाडच नाही, मग कापडी थर उत्तम. सर्वेक्षणासाठी झुडपांत जावे लागणार असेल तर पोलादी पत्रा घ्या आणि त्याचा ताठपणा सोसा. नेमणुकीच्या जागेची चौकशी करून मगच ठरवा.

वॉटरप्रूफ अस्तर अजिबात नको. पाणी बाहेर ठेवणारे तेच अस्तर घामही आत कोंडते. रणात उन्हाळ्यात पाणी बाहेरून येत नाही, ते पायातूनच येते. दिवसभर ओल्या मोज्यात राहिलेली कातडी पांढरी पडून सोलवटते, आणि फोड उठले की माणूस कामातून बाद होतो. पावसाळ्यात रण पाण्याखाली जाते, त्या काळासाठी वेगळे गमबूट लागतात. एकाच बुटाने दोन्ही ऋतू भागवण्याचा नाद सोडावा.

घोट्याच्या वर जाणारे, साधारण सहा इंच उंचीचेच घ्यावेत. त्या भागात फुरसे मोठ्या प्रमाणावर आहे. आकाराने लहान, मातीच्या रंगाचे आणि संध्याकाळनंतर हालचाल करणारे असल्यामुळे ते पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि दंश बहुधा पावलावर किंवा घोट्याजवळ होतो. उंच बूट म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे, पण उघड्या घोट्यापेक्षा फार बरे. रात्री बूट बाहेर ठेवले असतील तर सकाळी उलटे करून आपटल्याशिवाय त्यात पाय घालू नये. विंचवाला अशी अंधारी जागा आवडते.

आणि दोन जोड न्या. एक घालायचा, एक वाळवायचा. घामाने भिजलेला बूट एका रात्रीत आतून पूर्ण वाळत नाही. पाच हजारांचा एक जोड घेण्यापेक्षा अडीच हजारांचे दोन मला अधिक शहाणपणाचे वाटतात.

सुभाषनगर_कारागीर

आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या चपलांचे काम आहे, म्हणून फक्त चामड्याबद्दल लिहितो. जाळीचे बूट हवेशीर असतात. पण जाळीतून खारट बारीक धूळ आत जाते आणि घामात मिसळून कातडी घासते. म्हणून चामडेच घ्यावे. मात्र गुळगुळीत, रंगाचा जाड थर दिलेले नको. सुएड म्हणजे खरबरीत बाजू बाहेर असलेले चामडे श्वास घेते आणि त्यावर ओरखडे दिसत नाहीत. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असावी, म्हणजे माती आत जात नाही. शिलाईचा दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असावा, कारण सुती दोरा घामाने आणि मिठाने कुजतो. नाडीच्या कड्या लोखंडी असतील तर त्या गंजून चामडे खातात. पितळी किंवा प्लास्टिकच्या पाहा.

आपल्याकडे नव्या कोल्हापुरी चपलेला तेल पाजायची रीत आहे. ती रीत बुटांना लावू नका. चपलेचे चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले असते, जाड आणि कोरडे असते, ते तेल पिऊन मऊ होते. बुटाचे चामडे बहुतेक वेळा क्रोमने कमावलेले आणि आधीच मऊ असते. त्याला खोबरेल चोपडले तर छिद्रे बुजतात, घाम आत राहतो आणि धूळ चिकटून बसते.

खरा शत्रू मीठ आहे. मीठ हवेतील ओल धरते, सुकते, पुन्हा ओल धरते, आणि प्रत्येक वेळी चामडे थोडे ताठ होत जाते. शेवटी चवडा जिथे वाकतो तिथे आडवी भेग पडते. रोज संध्याकाळी ब्रशने माती झाडावी, नंतर साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि आतली गादी काढून सावलीत वाळवावे. उन्हात ठेवलेले बूट लवकर वाळतात खरे, पण चामडे आकसते.

पन्हाळा_सर्व्हे

मी क्षेत्रीय अभियंता आहे आणि उष्ण भागांत सर्वेक्षणाची कामे केली आहेत. मापाचा मुद्दा राहिला आहे. उष्णतेत आणि दिवसभर उभे राहिल्याने पाय सुजतात, त्यामुळे सकाळी बरोबर बसणारा बूट दुपारी चावतो. काढताना होणारा त्रास हा बहुधा याचाच परिणाम आहे. खरेदी संध्याकाळी करावी, जे मोजे तिथे घालणार तेच घालून करावी, आणि उभे राहिल्यावर लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरते का, हे पाहावे. टाच मात्र उचलली जाता कामा नये. दुकानाच्या पायऱ्यांवरून उतरून पाहा. बोटे टो-कॅपला टेकली तर ते माप सोडून द्या. मोजे पूर्ण सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात. लोकर आणि कृत्रिम धागा मिसळलेले पातळ मोजे उन्हाळ्यातही चांगले चालतात.

इथे वाचणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट. पुरुषांच्या साच्यातले लहान माप म्हणजे स्त्रियांचा बूट नव्हे. त्यात टाच सैल राहते आणि फोड येतात. स्त्रियांच्या साच्यातले सेफ्टी शूज आता मिळतात, मागवायला वेळ लागला तरी कंपनीकडे तेच मागावेत.

राजारामपुरी_सिव्हिल

सर्वांचे मनापासून आभार. जागेची चौकशी केली. काम सपाटीवरच आहे, त्यामुळे अरॅमिड थराचे सुएडचे दोन जोड घेण्याचे ठरवले आहे. एक शंका उरली आहे. सौर पॅनेलच्या जोडण्या जवळ असतात, तेव्हा ‘अँटिस्टॅटिक’ लिहिलेल्या बुटांनी विजेपासून संरक्षण मिळते का?

शिरोली_फाउंड्री

नाही, आणि हा गैरसमज धोकादायक आहे. अँटिस्टॅटिक बूट अंगावर साठलेला स्थिर विद्युतभार जमिनीत सोडण्यासाठी असतात, म्हणजेच ते थोडी वीज वाहू देतात. त्यांचा रोध १०० किलोओहम ते १००० मेगाओहम यांच्या दरम्यान ठेवलेला असतो. अशा मोठ्या प्रकल्पांत पॅनेलच्या साखळ्यांचा दाब १५०० व्होल्ट डीसीपर्यंत असू शकतो आणि ऊन असेपर्यंत तो बंद होत नाही. विद्युतरोधक बूट हा वेगळा प्रकार आहे आणि तोही घामाने ओला झाला की भरवशाचा राहत नाही. जोडण्यांना हात लावण्याचे काम विद्युत विभागाच्या परवान्याशिवाय करू नका. निघण्यापूर्वी दोन्ही जोड आलटून पालटून इथेच पंधरा दिवस घालून फिरा. चामडे पायाच्या आकाराला यायला तेवढे दिवस लागतात, आणि एखादी शिवण बोचत असेल तर ती इथे बदलून घेता येईल.