वर्गातील खेळ ही पळवाट आहे का?

पाटीपेन्सिल : 'खेळातून शिक्षण ही शिकवण्याचे कष्ट टाळण्याची पळवाट आहे', असे या चर्चेत काल लिहिले गेले. मी दुसरीला शिकवते, त्यामुळे हे विधान मला लागले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेले खेळातून बालशिक्षणाचे जे काम पुढे कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांच्या कुरणशाळेपर्यंत नेले, त्याला आपण पळवाट म्हणणार का? माझ्या वर्गातील एक मुलगा 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहीत असे, कारण त्याला 'त्रे' आधी ऐकू येई. चिंचोक्यांचे दहा-दहाचे सहा ढीग आणि तीन सुटे असा खेळ आठवडाभर खेळल्यावर त्याची चूक थांबली.

फळाखडू : काल ते मीच लिहिले होते. माझी शाळा द्विशिक्षकी आहे. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. तिसरीचा खेळ रंगला की चौथीचा भागाकार बुडतो, आणि खेळ संपण्याआधी त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲप गटावर पाठवण्याची घाई असते. कोसबाडचे दाखले देणाऱ्यांनी ही खोली एकदा पाहावी.

पालक : चिंचोक्यांच्या निमित्ताने आठवले. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'साठी 'साठ तीन' आणले, तेही सोपेपणाच्याच नावाखाली. बाजारात असे कोण बोलते? माझ्या वडिलांना पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि निम्म्याचे पाढे, तोंडपाठ होती. माझ्या मुलीला बाराचा पाढा येत नाही.

पाटीपेन्सिल : पुस्तकात 'त्रेसष्ट' कायम होते, त्याच्या जोडीला 'साठ तीन' दिले होते. वाद विधानसभेपर्यंत गेला, पण एकक आधी बोलून दशक आधी लिहिताना मुलाची जी ओढाताण होते, तिच्याविषयी फार थोडे बोलले गेले.

पालक : आमच्या पिढीची ओढाताण झाली नाही, आम्ही शिकलोच.

पाटीपेन्सिल : जी शिकली नाहीत, ती मुले शाळा सोडून गेली. माझा सख्खा भाऊ त्यांतला आहे. कृपया 'आम्ही' म्हणू नका.

फळाखडू : 'पळवाट' हा शब्द मी मागे घेतो, आणि चिंचोके उद्या वर्गात नेईन. परंतु तिसरी ढीग रचत असताना माझ्या चौथीकडे कोण पाहणार, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.