वादळी ढगांचे फोटो: आकाश खरंच असं दिसतं का?

मेघवेडी:
मिच डोब्राउनरचे वादळाचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो कुणी नीट बघितलेत का? अमेरिकेतल्या सपाट मैदानांवरचे, खाली इवलंसं शेत नाहीतर रस्ता आणि वर अख्खं आभाळ पिळून काढल्यासारखं. २०१२ ला सोनीचा जागतिक पुरस्कार मिळाला ते हेच. मला तर नजर काढवत नाही, पण ज्याला दाखवते तो म्हणतो सगळं एडिटिंग आहे. खरंच ढग असा असतो का?

रानवाट:
आकार शंभर टक्के खरा. सुपरसेल म्हणतात त्याला. साध्या गडगडाटी ढगात गरम दमट हवा जिथून वर चढते तिथेच पाऊस कोसळतो, म्हणून तो तासाभरात आटपतो. पण जसजसं वर जावं तसतशी वाऱ्याची दिशा आणि वेग बराच बदलत असेल तर चढणारी हवा स्वतःभोवती फिरायला लागते, पाऊस बाजूला पडतो आणि ढग कित्येक तास टिकतो. ढगाच्या अंगावर स्क्रूच्या आट्यांसारखे पट्टे दिसतात ना, ते त्या फिरण्यामुळेच. आता परत एकदा फोटो बघा, वेगळाच दिसेल.

काळापांढरा:
टोन, म्हणजे काय किती काळं नि किती उजळ दिसणार, ते मात्र फोटोग्राफर ठरवतो, आणि त्यात फसवणूक काहीच नाही हो! अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ साली हाफ डोम या अमेरिकेतल्या उंच कड्याचा फोटो गडद लाल फिल्टर लावून काढला, निळा प्रकाश अडला आणि आकाश जवळजवळ काळं आलं, तेव्हा कुठला कॉम्प्युटर? त्याला तो कडा जसा जाणवला तसा दाखवायचा होता. डोब्राउनरही त्याच वाटेचा माणूस. बटणं दाबून ढगाला असं वजन येत नाही, त्यासाठी आधी तिथे जाऊन थांबावं लागतं.

मेघवेडी:
रानवाट, पट्टे दिसले!! दोघांचेही मनापासून आभार. आता मलाही काढायचेत, सुरुवात कशी करू?

रानवाट:
रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा, आणि एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) ढगाच्या उजळ कडेवर धरा, कारण पांढरं एकदा जळलं, म्हणजे नुसतं कोरं झालं, की त्यातलं डिटेल परत येत नाही, सावलीतलं बरंचसं काढता येतं. फ्रेममध्ये झाड, घर काहीतरी ठेवाच, नाहीतर ढगाचा आवाका कळत नाही. पण गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात, पाऊस लांब असला तरी. ट्रायपॉड तिथेच सोडा, काचा बंद करून गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. हे अजिबात टाळू नका.