बांको नासिओनाल उल्त्रामारिनो: मालकी कोणाची?

वर एकांनी लिहिलंय की पोर्तुगीज काळात गोव्यात चालणारी ही बँक म्हणजे पोर्तुगीज सरकारचंच एक खातं होतं. गोव्यात ती असताना तसं नव्हतं. 1864 साली लिस्बनमध्ये फ्रान्सिस्को द ओलिव्हैरा शामिसु यांनी ती स्थापली, खाजगी भागधारकांच्या पैशावर. सरकारने दिला तो वसाहतींत नोटा छापण्याचा हक्क. पणजीत शाखा 1868 साली आली. आपल्या आजोबांनी हाताळलेल्या रुपियाच्या (तेव्हाच्या गोव्याच्या चलनाच्या) नोटांवर म्हणूनच सरकारचं नव्हे, या बँकेचं नाव असे. 1958 नंतर एका रुपियाला सहा इश्कुद (पोर्तुगीज चलन) या दराने चलन बदललं.

सरकारी मालकी आली ती 1974 च्या राष्ट्रीयीकरणाने, म्हणजे गोवा मुक्त होऊन बारा-तेरा वर्षं झाल्यावर! पुढे 2001 साली ती काइशा जेराल या सरकारी बँकेत विलीन झाली. मकाव या जुन्या पोर्तुगीज वसाहतीत मात्र तिच्या नावाच्या नोटा आजही चालतात.

मला मालकीपेक्षा सोन्याची गोष्ट जास्त लागते. गोंयकारांनी या बँकेत तारण ठेवलेले दागिने डिसेंबर 1961 मध्ये, मुक्तीच्या तोंडावर, लिस्बनला नेले गेले. पाटल्या, मंगळसूत्रं, कोणाच्या लग्नासाठी जपलेलं सोनं. ते परत यायला 1991 उजाडलं. तीस वर्षं! तोवर गहाण ठेवणारी कितीतरी माणसं निघून गेली होती. तुमच्यापैकी कोणाच्या घरी त्या तारणाच्या पावत्या असतील तर जपून ठेवा, आणि जमल्यास इथे फोटो टाका.