रोज आठ तासांचा, फोन चोवीस तास: ओटी (ओव्हरटाइम) आणि घरी 'थांब' म्हटल्याचा पैसा मागायचा की नाही?

कॉम्प्रेसर_कामठी
नागपुरात कळमन्याकडच्या एका कोल्ड स्टोरेजवर माझा मावसभाऊ चेंबर थंड ठेवणारा अमोनिया प्लांट चालवतो. रोज 800 रुपये, महिनाअखेर हजेरी मोजून. सकाळी 8 ते 5, मधात तासभर जेवण. इथवर तक्रार नाही. पण उन्हाळ्यात मिरचीनं चेंबर भरले की रात्रीही फोन चालू पाहिजे, गाव सोडायचं नाही, घोट घ्यायचा नाही, आणि बोलावलं की वीस मिनिटांत प्लांटवर. लाइन जाऊन आली की कॉम्प्रेसर ट्रिप झालेला असतो. गेजवर नजर ठेवून हळूहळू लोड द्यावा लागतो, ते काही चौकीदाराचं काम नाही. गेला तर 'ओटी' म्हणून तासाला 100. बोलावलंच नाही तर शून्य. मे महिन्यात साळ्याच्या लग्नात फोन उचलला नाही, तर दोन हजेऱ्या कापल्या.

माझं म्हणणं सरळ आहे. 800 ही आठ तासांची किंमत, म्हणजे तासाचे 100 आणि ओटीचे 200. आणि बांधून ठेवलेल्या रात्रीचा काहीतरी ठरलेला पैसा.

हिंगणा_शेड
दुप्पट ओटी कायद्यात आहे, मान्य. पण घरी कूलरसमोर झोपलेल्या माणसाला पैसे? मस्टरवर काय लिहू, 'झोपला'? माझ्याकडे फॅब्रिकेशनचं काम आहे, पार्टी किलोवर रेट बांधून देते आणि बिल नव्वद दिवसांनी काढते. सीझनमध्ये चार पैसे जास्त मिळतात म्हणून पोरं स्वतःच ओटी मागतात. डबल द्यायचं ठरलं तर मी ओटीच बंद करीन, दोन नवे हेल्पर घेईन. नुकसान कोणाचं?

मस्टरबुक
घ्या ना दोन हेल्पर. दुप्पट दर ठेवलाय तोच त्यासाठी, की एकाच माणसाला पिळण्यापेक्षा दुसरा ठेवणं स्वस्त पडावं!

बाकी 'सिंगल ओटी', म्हणजे साध्याच दरानं ओटी, हा हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांचा रिवाज असेल, कायदा नाही. 1948च्या कारखाने अधिनियमात कलम 59 दुप्पट सांगत होतं. 21 नोव्हेंबर 2025ला वेतन संहिता लागू झाली, तिचं कलम 14ही दुप्पटच सांगतं, आणि दर तासावर, दिवसावर की महिन्यावर ठरलाय यानं फरक पडत नाही. कोरोनाच्या काळात गुजरात सरकारनं कारखान्यांना साध्या दरानं ओटी द्यायची मुभा दिली होती. सुप्रीम कोर्टानं 1 ऑक्टोबर 2020ला ती रद्द केली. महामारीत जे चाललं नाही ते मिरचीच्या सीझनमध्ये कसं चालेल?

आणि कोल्ड स्टोरेजवाले 'आमचं तर गोदाम आहे' म्हणतात, तेही खरं नाही. शीतगृहात माल साठवणं ही कारखान्याच्या व्याख्येतली उत्पादन प्रक्रियाच आहे. फक्त कामगारांची संख्या भरली पाहिजे.

एचआर_बुटीबोरी
अर्धंच सांगून राहिले भाऊ. हट्टा नगरपालिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय की किमान वेतनापेक्षा जास्त पगार घेणाऱ्याला किमान वेतन कायद्याखालचा ओटी मागता येत नाही. संहितेच्या कलम 14ची भाषा जवळपास तीच आहे. या 800 वाल्याचा रोज किमान वेतनाच्या वर निघाला तर?

आणि घरी थांबण्याचा दर या कायद्यांत कुठे आहे, ते दाखवा.

मस्टरबुक
हट्टाचा मुद्दा मानतो, हलका नाही. पण तो निकाल किमान वेतन कायद्यावरचा, नगरपालिकेच्या नोकरांचा. कारखाने अधिनियमाच्या कलम 59ला ती अट नव्हती. सुरक्षा व आरोग्याच्या नव्या संहितेच्या कलम 27मध्येही नाही. उलट तिथे ओटीसाठी कामगाराची संमती लागते असं लिहिलंय.

घरी थांबण्याचा दर कायद्यात नाही, खरं आहे. पण बेल्जियममधल्या एका अग्निशामकाला आठ मिनिटांत ठाण्यावर पोचण्याच्या अटीवर घरी थांबवलं होतं. 2018मध्ये युरोपच्या न्यायालयानं ती वेळ कामाचीच धरली.

हिंगणा_शेड
बेल्जियमचा कायदा कळमन्यात लावून राहिले का राजेहो! तिथली मजुरीही द्या म्हणाल उद्या.

कॉम्प्रेसर_कामठी
बेल्जियम राहू द्या, कळमन्याचंच बोला. ती वेळ त्याची स्वतःची होती ना? मग फोन उचलला नाही म्हणून हजेरी कशाची कापली? ड्युटी नसताना गैरहजर कोण असतो? मालकानं कापल्या त्या दोन हजेऱ्याच सांगतात की रात्र ड्युटीत होती.

एचआर_बुटीबोरी
ही कपात मात्र मालकाला जड जाईल. आमच्याकडे असं करू देत नाही.

टोपीवाला_हेल्पर
तुम्ही सगळे कलमं सांगून राहिले. मी ठेकेदाराच्या मस्टरवर आहे, कंपनीच्या नाही. डबल मागितला तर दुसऱ्या दिवशी गेटवर पास थांबते. मुकादम काही बोलतही नाही, नुसतं 'उद्या ये' म्हणते. आमच्या लाइनीत एकानं मागितला होता, तो आता ई-रिक्षा चालवते. काहून मागावं मग?

मस्टरबुक
नोकरीवर असताना मागू नका असं मीही सांगेन, वकील काहीही म्हणोत. पण पुरावा आतापासून जमवा. कॉल लॉग, व्हॉट्सअॅपवरचे 'लवकर ये', गेटच्या रजिस्टरचा फोटो. वेतन संहितेत दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. तुम्ही किती तास राबलात, ते मात्र तुमचं तुम्हाला दाखवावं लागेल.

हिंगणा_शेड
म्हणजे माझ्याकडे काम करता करता माझेच फोटो काढायचे. छान. मग मालकानं विश्वास कोणावर ठेवायचा?

तरी एक सांगतो. हजेरी कापली ते चूक, मी कापली नसती. रात्रीचा ठोक आकडा मला पटू शकतो, पण आधी ठरलेला, आणि दोन माणसांत आळीपाळीनं. तासाचा हिशेब घरी झोपलेल्याला नाही.

कॉम्प्रेसर_कामठी
चला, आकड्यावर तर आले! मावसभाऊ 200 म्हणते, सीझनपुरते, आणि गेला तर वरून डबल.

हिंगणा_शेड
200 लई होते. 100, आणि पेट्रोल वेगळं.

टोपीवाला_हेल्पर
150वर तोडा आणि कागदावर घ्या. तोंडी घेतलं तर जुलैत मुकादम विसरते.

कॉम्प्रेसर_कामठी
कागदाचं त्यालाही सांगितलंय. मालक म्हणते, दिवाळीनंतर पाहू. दिवाळीनंतर चेंबर रिकामे असतात.