मदत हवी आहे: वडिलांच्या फुफ्फुसात अ‍ॅस्बेस्टॉस, कंपनी म्हणते नोंदच नाही

सुमेध_प: वडिलांच्या एचआरसीटीत (छातीचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन) 'कॅल्सिफाइड प्लूरल प्लाक' (फुफ्फुसाच्या आवरणावर कडक झालेले चट्टे) आलंय. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलंय का. केलंय. रिफायनरीच्या टाइम ऑफिसात गेलो तर हात वर केले, म्हणे नोंद नाही. भरपाईचा अर्ज कुठे करायचा? लवकर सांगा. 'वकील गाठा' एवढंच लिहू नका.

रसायनीकर: काम काय होतं? कायम की ठेकेदाराकडे? कुठल्या वर्षांत?

सुमेध_प: लॅगिंगचं, गरम पाइपांवर उष्णता धरून ठेवणारा थर चढवायचं. त्यात आणखी काय सांगायचं?

रसायनीकर: बरंच. मी मेंटेनन्सला होतो. जुन्या स्टीम लाइनवर वरच्या पत्र्याखाली अ‍ॅस्बेस्टॉसचं लॅगिंग, व्हॉल्व्हच्या ग्लँडमध्ये त्याचीच दोरी, फ्लँजचं गॅस्केटही तेच. बसवण्यापेक्षा शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना) फोडताना जास्त धूळ. ओलं करून काढायला हवं, पण शटडाऊनची तारीख गाठायची म्हणून कोरडंच ठोकून पाडायचे. तोंडाला रुमाल, बस्स. तो रुमाल त्या तंतूंना काय अडवणार! लॅगर तर सोडाच, खाली उभा असलेला वेल्डर आणि नंतर झाडणारा, सगळ्यांच्या नाकात गेलं.

शेवंताकाकू: आमच्या घरावर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत. पावसाचं पाणी टाकीत घेतो, ते चालेल का?

गल्फकर: अमेरिकेत अशा केसमध्ये कोटींनी मिळतात, वकील आधी फीसुद्धा घेत नाही. सरळ दावा ठोका.

काढा_प्रेमी: रोज जलनेती आणि अडुळशाचा काढा. कफ सुटला की सगळं बाहेर पडतं.

छातीवाला_डॉक: कफ सुटला तरी तंतू आत रुतलेलेच राहतात. काढ्याने निघत नाहीत. सुमेध, प्लाक म्हणजे कॅन्सर नव्हे, अ‍ॅस्बेस्टॉसिसही (तंतूंमुळे फुफ्फुस कडक होणं) नव्हे. ती संपर्काची खूण. रिपोर्टमध्ये 'फायब्रोसिस' (फुफ्फुसात व्रण धरणं) लिहिलंय का? पीएफटी (फुफ्फुसाच्या क्षमतेची तपासणी) झाली? जिना चढताना धाप? विडी-सिगारेट? असेल तर आजच बंद. अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर दोन्ही मिळून फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका फार वाढवतात.

गल्फकर: घ्या, आता सगळं विडीवर. कंपन्यांची जुनीच युक्ती.

छातीवाला_डॉक: विडीने मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) होत नाही, हेही लिहून ठेवा. तो अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार, तोही बहुधा २०-४० वर्षांनी डोकं वर काढणारा.

सुमेध_प: विडी होती, सोडली. पीएफटी कोणी सांगितली नाही. ठेकेदाराकडे होते, १९८० नंतर बरीच वर्षं. तो ठेकेदार वारला. माझा प्रश्न अर्जाचा आहे हो!

कोर्टकचेरी: ठेकेदाराचं आत्ता सांगताय? पगारातून ईएसआय (राज्य कर्मचारी विमा) कापायचे का? कापत असतील तर दावा ईएसआय महामंडळाकडे, मग मालकाकडे भरपाई मागता येत नाही. नसतील कापत, तर कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे. ठेकेदार वारला तरी हरकत नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम १२ ने ठेकेदाराच्या कामगारासाठी मुख्य मालक, म्हणजे इथे रिफायनरी, बांधील आहे. आता सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तत्त्व तेच. मात्र नुसत्या प्लाकवर पैसे मिळणं कठीण, कमावण्याची क्षमता किती घटली ते दाखवावं लागतं. म्हणून पीएफटी. आणि नोंदीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय की कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा सुटल्यापासून १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर, जपायची.

रसायनीकर: तो निकाल अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांबद्दल होता. रिफायनरी म्हणेल, आम्ही तेल गाळतो.

कोर्टकचेरी: म्हणू दे. लेखी म्हणू दे. सुमेध, टाइम ऑफिसात तोंडी विचारू नका, अर्ज देऊन पोच घ्या. जुना गेटपास, पीएफची स्लिप, सोबतच्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं जमवा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही प्रत पाठवा.

सुमेध_प: गेटपास आहे, फोटोसकट. ईएसआयचं आईला विचारतो. त्यांचे कामाचे कपडे तीच झटकून धुवायची. तिलाही दाखवू का?

छातीवाला_डॉक: हो. आधी साधा एक्स-रे, आणि डॉक्टरांना कपड्यांचं आवर्जून सांगा.

शेवंताकाकू: माझ्या पत्र्यांचं कोणी सांगेल का?

रसायनीकर: काकू, धोका श्वासातून जास्त. पत्रे कापू नका, भोकं पाडू नका, घासून धुऊ नका. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.