खाजगी लेआउटमधल्या रस्त्यावरचा धोक्याचा ढिगारा पालिकेनं उचलायचा की नाही?

नदीकाठचा
पुराचं पाणी उतरून बारा दिवस झाले. मेन रोडवर जेसीबी आला, टिप्परनं सगळं नेलं, पण आमच्या गल्लीच्या तोंडाला येऊन परत गेला. का तर पालिका म्हणती हा खाजगी लेआउट हाय, म्हणजे खाजगी माणसानं प्लॉट पाडून विकलेली वसाहत, रस्ता पालिकेच्या नावावर नाही. आत काय पडलंय बघा तरी, दोन मातीच्या घरांच्या भिंती, वासे, फुटलेले सिमेंटचे पत्रे आणि त्यावर आडवा झालेला विजेचा खांब. जुन्या पत्र्यात ॲसबेस्टॉस असतंय, वाळलं की त्याची धूळ छातीत जातीय आणि पोरं तिथनंच शाळेला जातात. घरपट्टी घेताना रस्ता कुणाचा ते कुणी विचारत नाही. आधी उचला, कागद मागनं बघा.

अनगोळकर
दादा त्रास खराय तुमचा, पण पालिकेचा पैसा सगळ्यांचा असतो. लेआउटवाल्यानं साईटी (प्लॉट) विकल्या, गटार केलं नाही, रस्ता पालिकेकडं हस्तांतर केला नाही, नफा घेऊन गेला. आम्ही जादा पैसे मोजून मंजूर लेआउटमधली साईट घेतली, तिथल्या रस्त्यांचे चार्जेस आमच्याच खिशातनं गेले. शिवाय आपत्ती निधीच्या निकषात ढिगारा काढायचा खर्च बसतो तो सार्वजनिक जागेतला. उद्या ऑडिटला सही करणारा इंजिनिअर अडकणार. आणि बांधकाम राडारोड्याच्या नियमात ज्याचा राडारोडा त्याचीच जबाबदारी आहे.

नदीकाठचा
ते नियम बांधकाम, दुरुस्ती आणि पाडकामाच्या राडारोड्याला हायत. आमची घरं आम्ही पाडली नाहीत, पुरानं पाडली. 2005 चा आपत्ती कायदा वाचा, कलम 34, जिल्हा आपत्ती प्राधिकरण ढिगारा काढू शकतं असं लिहिलंय, तिथं रस्ता खाजगी का सरकारी असा भेद नाही.

अनगोळकर
'काढू शकतं' लिहिलंय, 'काढलंच पाहिजे' नाही.

निपाणीची सून
मला दोघांचंही पटत नाही. 2019 च्या ऑगस्टात पुरानं निपाणीजवळ यमगर्णीला हायवे बंद पडला तेव्हा आमच्या सासरच्या घराची मागची भिंत गेली. पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारनं 5 लाख जाहीर केले, पण पंचनामा झाल्याशिवाय काही नाही, म्हणून सासूबाई रोज त्या ढिगाऱ्यापाशी बसून राहायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. लोकांना तो कचरा वाटतो पण त्यात सागवानी तुळई असते, कौलं असतात, पितळी भांडी, जोंधळ्याची कणगी. जेसीबीनं एका दिवसात सगळं उचलून नेलं की पुरावाही गेला आणि घर परत उभं करायचं सामानही गेलं. उचला, पण आधी पंचनामा, मालकाची सही, मग मशीन.

नदीकाठचा
ताई हे मात्र खरं बोललात, माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

खानापूर रोड
अमेरिकेत फेमा ही सरकारी आपत्ती संस्था खाजगी रस्त्यावरच्या ढिगाऱ्याचे पैसे देते, पण लोकांच्या जिवाला धोका आहे हे पालिकेनं आधी लेखी दाखवायला लागतं, आत यायला मालकाची सही लागते, आणि त्याच कामाचे विम्याचे पैसे मिळाले तर तेवढे वजा होतात. आपल्याकडं एवढंच एक पानी फॉर्म काढायला काय हरकत आहे? इंजिनिअरपण सुटला आणि मालकपण.

अनगोळकर
फॉर्मला माझी ना नाही. खांब, पत्रे, लोंबकळणारी भिंत, जिथं माणूस मरू शकतो तेवढंच पालिकेनं काढावं. बाकी माती-दगड लेआउटवाल्याच्या खर्चानं, त्याच्या शिल्लक साईटींवर बोजा चढवून वसूल करा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात असेच दहा लेआउट उभे राहतील, ओढ्यातच.

नदीकाठचा
वसूल करा की, आम्ही कुठं आडवं येतोय, आम्हालाबी त्यानं फसवलंच हाय. पण वसुली कोर्टात वर्षं खाणार आणि खांब आज आडवा हाय, तो ओलांडताना परवा एक म्हातारी पडली. उद्या गल्लीतली सगळी मिळून डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला जातोय, कलम 34 चा अर्ज, फोटो आणि दोन्ही घरमालकांच्या सह्या घेऊन. अर्ज कन्नडमधनं पायजे म्हणतात, कुणी रात्रीपर्यंत लिहून देईल काय?

निपाणीची सून
मजकूर मेसेज करा, माझी मुलगी कन्नड मीडियमला आहे, लिहून देते.