'रेझिस्टन्स'ला काय म्हणावं? (केमोच्या संदर्भात)

तिरफळ: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. विषय अंडाशयाचा कॅन्सर. 'प्लॅटिनम रेझिस्टंट'पाशी अडलेय. जुन्या पत्रकात 'केमोथेरपीविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण होते' असं छापलंय. शेजारच्या काकूंना वाचायला दिलं, तर म्हणाल्या, "बरंच झालं की, प्रतिकारशक्ती वाढली!" प्रतिकार गाठीतल्या पेशी करतात, ती बाई नव्हे, हे त्या वाक्यात कुठेच नाही. शिवाय 'एपिजेनेटिक बदल' याला काय?

जुनाट: विजेच्या रेझिस्टन्सला 'रोध' आहेच. औषधरोध, औषधरोधी गाठ. झालं.

उंबरठा: हे कोण बोलतं, काका? आमच्याकडे 'औषध लागू पडत नाही' म्हणतात. किंवा 'गाठ औषधाला दाद देत नाही'.

जुनाट: दाद फारसी आहे.

उंबरठा: 'डॉक्टर' इंग्रजी आहे. तरी जातोच ना आपण?

गुणसूत्री: 'लागू पडत नाही' अर्धंच आहे. सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधं बहुतेकींना सुरुवातीला चांगली लागू पडतात. आजार नंतर उलटतो. शेवटच्या डोसनंतर ६ महिन्यांच्या आत उलटला, तर त्याला 'रेझिस्टंट' म्हणायची रूढ व्याख्या आहे. म्हणजे 'दाद देईनासा झाला' हवं. त्या 'ईनासा'त सगळं आलं.

आता एपिजेनेटिक. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण त्यातल्या सायटोसिन या अक्षरावर मिथिल गट (छोटे रासायनिक तुकडे) चिकटतात आणि ते जनुक गप्प होतं. मजकूर शाबूत, वर चिकटपट्टी. सिसप्लॅटिनने झालेली डीएनएची मोडतोड ओळखून पेशीला मरायला लावण्यात एमएलएच१ जनुकाचा हात असतो. ते असं गप्प झालं की पेशी तगते. बीआरसीए१ या जनुकाचं मात्र उलट! ते गप्प असताना डीएनएची दुरुस्ती होत नाही, म्हणून प्लॅटिनम चालतं. मिथिल निघून गेले की दुरुस्ती सुरू आणि औषध निकामी. तेव्हा 'जनुक बंद पडल्यामुळे' असं सरसकट लिहू नका. डेसिटाबीनसारख्या औषधांनी मिथिल उतरवून गाठ पुन्हा प्लॅटिनमला वळते का, याच्या चाचण्या झाल्यात. नेहमीच्या उपचारात ते आलेलं नाही.

जुनाट: मग 'जनुकोपरी बदल' म्हणा. एपि म्हणजे वर, म्हणून उपरि. स्वच्छ संस्कृत.

गुणसूत्री: 'अधिजनुकीय' वापरात आहे. आणि जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टनने १९४२मध्ये हा शब्द आणला तो 'एपिजेनेसिस'वरून, म्हणजे गर्भ टप्प्याटप्प्याने घडत जाणं. 'जनुकाच्या वर' हा अर्थ मागाहून चिकटला.

जुनाट: चिकटला ना? मग राहू द्या.

उंबरठा: फारसी अर्थ चिकटला की मात्र खरवडायचा!

तिरफळ: काकूंना 'जनुकोपरी' वाचून दाखवलं. परीवर जोर देऊन हसल्या. 'म्यूटेशन (म्हणजे अक्षरांतला बदल) नसलेला बदल' असं काही साधं सुचतंय का कुणाला?

नर्मदाकाठी: इंदूरहून एक शंका. 'दाद मागणे'मधली दाद म्हणजे न्याय. मग गाण्याला देतात ती आणि गाठ देत नाही ती, दोन्ही तीच का?

उंबरठा: तीच असणार. मागितलेला न्याय दिला म्हणजे दखल घेतली. गाणाऱ्याचीही दखलच घेतो आपण.

जुनाट: ही ओढाताण आहे. दखल घेणं आणि वाहवा करणं यात फरक आहे. मैफलीत 'दखल दिली' म्हणून बघा, तबलजी उठून जाईल.

नर्मदाकाठी: आमच्याकडे हिंदीत दाद म्हणजे त्वचेचा रोग. ती निराळी, संस्कृत 'दद्रु'वरून आलेली. मराठीत तिला गजकर्ण की नायटा?

उंबरठा: नायटा.

जुनाट: गजकर्ण. दोन्ही एक नव्हेत. वेगळा धागा काढा.